सहा वाजून पंचवीस मिनिटं

पहाटे साडेचारला आमच्या गल्लीत जीप यायची, पण हॉर्न वाजवायची नाही. ड्रायव्हरशी माझं तसं ठरलं होतं. तो समोरच्या भिंतीवर दिव्यांचा झोत एकदा टाकायचा आणि विझवायचा. तेवढ्यात मी चपला हातात घेऊन जिना उतरायची. सुरुवातीच्या दिवसांत गल्लीत कुजबुज झालीच. लग्न झालेली बाई अंधारात सरकारी गाडीत बसून जाते तरी कुठे? त्याचं उत्तर दीड तासाने त्यांच्याच घरात, त्यांच्याच फळीवरच्या रेडिओतून यायचं. महिन्याभरात कुजबुज थांबली. पुढे पुढे तर समोरच्या काकू गॅलरीतून हळूच म्हणायच्या, "घसा जपा हो, गारठा आहे."

मी आकाशवाणीच्या एका जिल्ह्याच्या केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. महिन्याला सहा ड्यूट्या, आणि त्यातल्या बहुतेक सकाळच्या. कायम नोकरीतल्या ज्येष्ठांनी वर्षानुवर्षं पहाटे काढल्या होत्या, त्यामुळे त्यांना संध्याकाळच आवडायची. म्हणजे महिन्यातले सहा दिवस मी जिल्ह्याचं घड्याळ आणि उरलेले दिवस चारचौघींसारखी बाई. ही विभागणी मला फार सोयीची होती. सलग बावीस वर्षं ती टिकली, यावरून ती इतरांनाही सोयीची असावी.

स्टुडिओचं दार जाड आणि जड. ते ढकललं की पुढे अंधारी खोली, मग दुसरं दार. त्या दोन दारांमध्ये उभं राहिलं की गावाचा आवाज मागे सुटलेला असतो आणि स्टुडिओचा अजून सुरू झालेला नसतो. छिद्राछिद्रांच्या भिंती, हिरवट बनातीचं टेबल, दोन टर्नटेबलं, स्पूलची मशिनं, फेडरच्या घासून गुळगुळीत झालेल्या मुठी, आणि समोर भिंतीवर लाल सेकंदकाटा असलेलं मोठं घड्याळ. त्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नसे. काटा नुसता सरकत राहायचा, विहिरीतल्या कासवासारखा.

गायक पहाटे उठून खर्ज का लावतात, ते मला तिथे कळलं. झोपेतून उठलेला गळा किंचित सुजलेला असतो, आवाज आपसूक खाली बसतो. दुपारी कितीही प्रयत्न केला तरी ती जागा सापडत नाही. आमच्या केंद्रावरचे ज्येष्ठ निवेदक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, ते पहाटे गरम पाण्याशिवाय काही घेऊ द्यायचे नाहीत. "दुधाचा चहा घेतलास तर मायक्रोफोनला साय दिसते," म्हणायचे. मी चहा सोडू शकले नाही, पण पहिली उद्घोषणा होईपर्यंत थांबायला शिकले.

पाच वाजून पंचावन्न. त्याच्या थोडं आधी गावाबाहेरच्या प्रक्षेपण केंद्रावरचे इंजिनिअर ट्रान्समीटर चालू करायचे. घरी रेडिओ लावून बसलेल्याला हे कळतं. आधी नुसती खरखर असते, आणि मग एकाएकी ती खरखर दबते. आवाज काहीच नाही, पण ती शांतता आधीच्या शांततेसारखी रिकामी नाही, कुणीतरी दारात येऊन उभं राहिल्यासारखी. मग ती धून. तंबोरा आणि त्यावर व्हायोलिन. जाणकार सांगतात, ती शिवरंजनीत आहे, आणि शिवरंजनी तर रात्रीचा राग. भारतातल्या सकाळी रात्रीच्या रागाने उघडायच्या, हे सुचलं ते वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाला. कार्ल्सबादचा हा ज्यू संगीतकार युरोपातलं वारं फिरलं तसा १९३४ मध्ये मुंबईत येऊन राहिला आणि रेडिओच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. स्वतःच्या गावी परतायची वाट बंद झालेल्या माणसाने रचलेले ते स्वर. मला तर ती धून दर वेळी कुणीतरी परक्या घरात दबक्या पावलांनी शिरावं तशी वाटायची. शिरणाऱ्याला यजमानांची झोप मोडायची नाही, पण आपण आलो आहोत हे तर सांगायचं आहे.

धून झाली की वंदे मातरम्, आणि मग माझा फेडर. केंद्राचं नाव, मध्यम लहरी, मीटर, किलोहर्ट्झ, आणि तारीख. तारीख दोनदा सांगायची. एक सगळ्यांची आणि एक भारतीय सौर. सरकारने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे चैत्र १ शके १८७९ पासून, हे सौर पंचांग स्वीकारलं. ते राजपत्रात छापतात आणि आकाशवाणीवर सांगतात. यापलीकडे ते पाळणारा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. आमच्या कॅलेंडरवर एकादशी, प्रदोष, गॅसचा नंबर आणि दुधाचे खाडे असायचे, सौर तारीख शोधावी लागे. पण 'भारतीय सौर आषाढ' म्हणताना मला उगाच भारदस्त वाटायचं, सणाला आजीची नथ घातल्यासारखं.

सकाळची एक गंमत काकांनी दाखवली. एकदा ड्यूटी सुरू व्हायच्या आधी त्यांनी ड्यूटी रूममधला जुना रेडिओ लावला आणि काटा हळूहळू फिरवत नेला. कुठून कुठून आवाज येत होते. तेलुगू, गुजराती, उर्दू, एकावर एक, जत्रेतल्यासारखे. तासाभराने, सूर्य वर आल्यावर, पुन्हा काटा फिरवला तर सगळी जत्रा उठून गेलेली. उरलो फक्त आम्ही, आणि जवळची एकदोन केंद्रं. रात्री मध्यम लहरी आकाशात उंच जाऊन तिथल्या विद्युतभारित थरावरून परततात, म्हणून शेकडो मैल जातात. ऊन लागलं की त्याच्याही खाली आणखी एक थर तयार होतो आणि तो या लहरी गिळून टाकतो. मग जमिनीला धरून जेवढं चालता येईल तेवढंच. काका म्हणाले, "रात्री रेडिओ जगाचा असतो. सकाळी तालुक्याचा. तेव्हा सकाळी जगाशी बोलायला जायचं नाही."

मग बोलायचं कुणाशी? "एका बाईशी," काका म्हणाले. "तिचे हात पिठात आहेत. तिला तुझ्याकडे बघायला वेळ नाही."

पुष्कळ वर्षांनी टेरी वोगनबद्दल वाचलं. लिमरिकचा हा आयरिश माणूस आधी बँकेत कारकून होता. पुढे बीबीसीच्या रेडिओ टू वर त्याने १९७२ ते १९८४ आणि पुन्हा १९९३ ते २००९ असा सकाळचा कार्यक्रम केला. ऐंशी लाखांच्या घरात लोक त्याला ऐकायचे. किती श्रोते आहेत तुमचे, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, एक. वाचून मी हसले. आमचे काका कधी कोल्हापूरच्या पलीकडे गेले नाहीत आणि वोगनचं नावही त्यांना ठाऊक नसेल. तरी दोघांनी पहाटेच्या अंधारात चाचपडून एकच कडी काढली होती.

त्या एकीचा संसार आमच्या वेळापत्रकावर चालायचा. भक्तिगीतं लागली की चूल, आणि चिंतन सुरू झालं की नवऱ्याला हाक. सहा पंचावन्नला दिल्लीहून संस्कृत बातम्या. 'इयं आकाशवाणी' हे शब्द आमच्या भागातल्या शेतमजुरापर्यंत सगळ्यांना पाठ, पुढचं एक अक्षर न कळता. त्या बातम्या म्हणजे आंघोळीचं पाणी उतरवायची खूण. सात पाचला पुण्याहून प्रादेशिक बातम्या, आणि बऱ्याचदा त्यात सुधा नरवणे. त्यांचा आवाज लागला की डबे भरायचे. एखादी भयंकर बातमीसुद्धा त्या आवाजातून आली की इस्त्री केल्यासारखी वाटे. त्या कधी आवाज चढवायच्या नाहीत आणि कधी कळवळायच्याही नाहीत. मी आरशासमोर उभं राहून त्यांची नक्कल करत असे. जमली नाही, आणि बरं झालं.

आमच्या घरात रेडिओचा मान सासूबाईंकडे. त्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ऐकायच्या, आणि ऐकता ऐकता रेडिओला उत्तरं द्यायच्या. मी "नमस्कार" म्हटलं की त्या "हं, नमस्कार" म्हणायच्या. माझ्या मुलीला त्यामुळे लहानपणी वाटायचं, आई रेडिओत राहते आणि सुट्टी मिळाली की घरी येते. "ऊठ, आई ओरडतेय बघ," असं आजी सांगायची, आणि ती उठायची. मी बिचारी तिकडे हवामानाचा अंदाज वाचत असे.

मी घरी आले की सासूबाई ताट वाढता वाढता परीक्षण करायच्या. "आज दुसऱ्या गाण्याआधी तू दचकलीस का गं?" खरंच, स्पूल सुटला होता. "आज पडसं येणार तुला." दुपारी शिंका सुरू. सून म्हणून मी कशी, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आवाजाबद्दल मात्र रोखठोक. त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, १९५५ च्या रामनवमीला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत. दर शुक्रवारी पावणेनऊला नवं गीत, वर्षभरात छप्पन्न गीतं. घरी रेडिओ नव्हता, वाड्याच्या मालकांकडे होता. सासूबाई तिथे उंबऱ्याबाहेर बसून ऐकायच्या. त्यामुळे सकाळच्या रेडिओकडून त्यांची अपेक्षा जरा जास्तच होती. माझ्या गळ्यातून राम काही उतरणार नव्हता, पण त्या मला निदान नीट उच्चारायला लावत. 'श' आणि 'ष' यांतला फरक मी कॉलेजात नाही, त्या पाटासमोर शिकले.

मग खासगी एफएम आलं. पहिलं २००१ मध्ये बंगळूरला, आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्या शहरांत. तिथल्या सकाळच्या मुलामुलींना आरजे म्हणतात, आणि ती वेगात बोलतात, कारण त्यांचा श्रोता गाडीत आहे आणि सिग्नल सुटेपर्यंतच त्यांचा आहे. मला त्यांचा राग येत नाही. त्यांची तयारी मी जवळून पाहिली आहे, ती कष्टाळू आहेत. पण ऐकताना वाटतं, हे सारखं लक्ष मागतात. पिठात हात असलेल्या बाईने लक्ष द्यावं अशी आमची कधीच मागणी नव्हती. तिने आमच्याकडे दुर्लक्ष करावं, आणि तरी तिची कढई वेळेवर उतरावी, एवढंच आमचं काम. बावीस वर्षांत रस्त्यात मला आवाजावरून ओळखलं ते दोनदा. त्यातला एक एसटीचा कंडक्टर होता. त्याने तिकीट फाडता फाडता विचारलं, "मॅडम, किती वाजले?"

गावाने माझ्यावर किती भार टाकला आहे, ते मला कळलं एका आषाढात.

आठवडाभर आभाळ खाली उतरलेलं होतं. सहा वाजले काय आणि साडेसात वाजले काय, उजेड सारखाच, धुतलेल्या पाटीसारखा. एक अभंग संपला, मी फेडर उघडला, भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट पाहिलं, त्यात सहा पंचवीस होते, आणि म्हणाले, "सकाळचे सात वाजून पंचवीस मिनिटं झाली आहेत." पुढचं गाणं लावलं. गाण्याचा पहिला अंतरा जाईपर्यंत मला काही वाटलं नाही. मग ड्यूटी रूमच्या काचेपलीकडे ड्यूटी ऑफिसर उभे राहून एक बोट वर करत असलेले दिसले. एक? एक काय? एक तास.

गाणं मध्येच तोडायचं नाही ही शिस्त. ती तीनेक मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. त्या वेळात जिल्ह्यात काय काय झालं, ते पुढे आठवडाभर कळत राहिलं. लोकांच्या घरी घड्याळं नव्हती असं नाही. होती, आणि ती बरोबर होती. लोकांनी ती पुढे केली. माझे यजमान, ज्यांनी माझं कुठलंही म्हणणं तपासून घेतल्याशिवाय मानलं नाही, तेही टॉवेल घेऊन न्हाणीघराकडे पळाले. साखर कारखान्याचा भोंगा अजून व्हायचा होता, दूधवाला यायचा होता, पण कुणाच्या मनात आलं नाही. आमच्या गल्लीत एकट्या सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "थांब रे," त्या मुलाला म्हणाल्या. "संस्कृत बातम्या झाल्यात का अजून? मग सात पंचवीस कुठून वाजतील? ती चुकलीय."

मी चूक सुधारली, क्षमा मागितली. पण तोवर लोक न्हाणीघरात होते आणि पाण्याच्या आवाजात माझी क्षमा वाहून गेली. रिपोर्ट बुकात नोंद झाली, तिच्यावर मी सही केली. काका काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या ड्यूटीला माझ्यासाठी चहा घेऊन उभे होते, दुधाचा. बीबीसीच्या सकाळच्या 'टुडे' कार्यक्रमाचा जॅक डी मॅनियो १९५८ ते १९७१ अशी तेरा वर्षं वेळ चुकीची सांगण्याबद्दलच प्रसिद्ध होता, हे तेव्हा मला ठाऊक असतं तर थोडी झोप लागली असती. तिकडच्या लोकांना म्हणे त्याची मजा वाटायची.

चौथ्या दिवशी एक आंतरदेशीय पत्र आलं. एका खेड्यातल्या गृहस्थांचं, शाई दाबून लिहिलेलं. त्यांच्या मुलाची शाळा साडेसातची. सात पंचवीस ऐकून तो बिनआंघोळीचा, दूध न पिता, चिखलातून धावत शाळेत गेला, तर तिथे शिपायाशिवाय कुणी नाही. सरकारी माध्यमाने असा निष्काळजीपणा करणं योग्य आहे काय, याचा लेखी खुलासा व्हावा. खाली सही, तारीख. आणि त्याच्याही खाली, घडी पडते त्या कोपऱ्यात, वडिलांच्या नजरेतून सुटलेली पेन्सिलीची एक ओळ होती: शिपाईमामांनी मला घंटा वाजवू दिली.