दाराजवळची वायर

सांगली

तीर्थरूप ताईस,


तुझं पत्र पोचलं. कुंभार्ली घाट उतरताना गाडीच्या तुझ्या बाजूच्या दारातला स्पीकर बंद पडतो, दार आपटलं की परत वाजतो, आणि दुकानदार म्हणतो की म्युझिक सेट गेला, मोठ्या स्क्रीनचा नवीन बसवा. ताई, तूर्त काही विकत घेऊ नकोस. सेट बसलाय डॅशबोर्डमध्ये. दार आपटल्यावर आवाज येत असेल, तर खोट दारात किंवा दाराच्या वाटेवर असण्याची शक्यताच जास्त.

तरी खात्री करून घ्यायची. गाडी उभी करून आकाशवाणी लाव. बॅलन्स आणि फेडर फिरवून आवाज एकेका कोपऱ्यात ने. चारपैकी तीन कोपरे स्वच्छ वाजले आणि एकच अडखळला, तर सेटचा निम्माअधिक भाग निर्दोष सुटला. मग आवाज कधी जातो ते नीट आठव. अर्धा तास गाडी चालून सेट तापल्यावर जात असेल आणि थंड झाल्यावर परत येत असेल, तर सेटमधल्या एखाद्या सोल्डरला बारीक चीर गेलेली असू शकते. पावसाळ्यातच जात असेल, तर कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात का ते बघायचं. कोकणच्या दमट हवेत तांब्याला हे व्हायला वेळ लागत नाही. खड्ड्यात किंवा दार हलल्यावर जात असेल, तर लूज कॉन्टॅक्ट. तुझं हे तिसरं.

आता दार पूर्ण उघड आणि बिजागरीजवळ वाकून बघ. गाडीच्या खांबातून दारात जाणारी काळी, घड्या-घड्यांची रबरी नळी दिसेल. काचेची, सेंट्रल लॉकची आणि स्पीकरची अशा सगळ्या वायरी तिच्यातूनच जातात. दार उघडलं की त्या ताणल्या जातात, मिटलं की दुमडतात, आणि गाडी जुनी होईपर्यंत हे हजारो वेळा होतं. स्पीकरची वायर बारीक असते. आतली तांब्याची एकेक तार तुटत जाते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. म्हणून नुसतं बघून ‘वायर चांगली आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस. नळी एका बाजूने सोडवायची आणि एकेक वायर चिमटीत धरून हलकेच ओढायची. चांगली वायर ताणली जात नाही. जिचं तांबं आत तुटलेलं असतं, ती रबरासारखी लांबते.

त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची. तुमच्या वायरमनकडे तो असणारच. सेट बाहेर काढून मागचा प्लग सोडवायचा आणि त्या दाराच्या स्पीकरच्या दोन पिनांवर मीटर लावायचा. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. मीटर तसाच धरून दुसऱ्याने दार हळूहळू उघडमीट करायचं, नळी हाताने हलवायची. आकडा मध्येच उडाला की वायर तुटली ती तिथेच. आकडा स्थिर राहिला, तर दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, काढून स्पीकरपर्यंत जावं लागेल. तिथे दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला की टक्क आवाज येतो आणि पडदा हलतो. टक्क कधी येतो, कधी येत नाही असं झालं, तर स्पीकरच्या आतल्या कॉइलकडे जाणारी विणलेली तार सुटत आलेली असते. मग फक्त तो स्पीकर बदलायचा.

एक गोष्ट वायरमनला आवर्जून सांग, कारण जुन्या सेटांवर हात बसलेली चांगली माणसंही इथे चुकतात. हल्लीच्या सेटमध्ये स्पीकरची कुठलीच वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली नसते. दोन्ही वायरी सेटमधल्या अ‍ॅम्प्लिफायरकडून येतात. सेट चालू असताना बॉडीच्या तुलनेत दोन्हीवर साधारण सहा-सहा व्होल्ट असतात आणि आवाज घडतो तो त्या दोघींमधल्या फरकाने. त्यामुळे ‘निगेटिव्ह बॉडीला मारून बघू’ हा प्रयोग अजिबात नको. सोललेली वायर दाराच्या पत्र्याला लागली, तर बऱ्याच सेटमधला अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर एकदम बंद करतो. डिस्प्ले चालू, आवाज शून्य. अशा वेळी सेट मेला असं ठरवून तो भंगारात टाकला जातो, आणि खरं कारण असतं दारातली हातभर वायर. याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोष शोधायला तास लागतो, त्याचे पैसे कोणी देत नाही. नवीन सेट विकला की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचंही काम झाल्यासारखं वाटतं. पण जुनी वायर नव्या सेटलाही तशीच जोडली जाते, आणि पुढच्या घाटात पुन्हा तोच प्रकार. वर कंपनीचं वायरिंग कापलेलं, स्टिअरिंगवरची बटणं निकामी झालेली.

दुरुस्ती अवघड नाही. तुटलेला तुकडा काढून लवचीक, किंचित लांब वायर टाकायची. सांधे मात्र नळीत ठेवायचे नाहीत. सोल्डर केलेली जागा ताठ होते आणि दुमडणाऱ्या भागात पुन्हा तिथेच तुटते. सांधा एक खांबाच्या आत, एक दाराच्या आत, प्रत्येकावर स्लीव्ह. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळू देऊ नकोस. चिपळूणच्या पावसात तो टेप टिकणार नाही.

ट्रिम निघालंच तर आतला प्लास्टिकचा कागद फाटू देऊ नकोस, आणि निघाला तर सगळ्या कडांनी परत चिकटवून घे. काचेच्या फटीतून दारात पाणी जातच असतं, ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं अशी रचना असते. स्पीकरला आणि ट्रिमला त्या पाण्यापासून वाचवतो तो हाच कागद. खालची भोकं मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी कर.

कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडायची असते. काही सेट त्यानंतर कोड मागतात, तेव्हा गाडीच्या पुस्तकाच्या पाकिटात कोडचं कार्ड आहे का ते आधी बघून ठेव. आणि पिवळ्या प्लगना कोणालाही हात लावू देऊ नकोस, त्या एअरबॅगच्या वायरी.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. दुकानदाराला सध्या नाही म्हणून कळव. हे पत्र घेऊन वायरमनकडे जा, समोर उभी राहून ती रबरी नळी उघडायला लाव, आणि शोधण्याच्या वेळेची मजुरी त्याला पूर्ण दे.

तुझा धाकटा भाऊ