थेंबातला क्रिस्टल

“क्रिस्टल आला का?” एकेकाळी आमच्या प्रयोगशाळेत सकाळी चहाच्याही आधी हाच प्रश्न असे. वनस्पतींची संकेत-प्रथिनं मोठी हट्टी. जिवाणूंकडून बनवून घ्यायला गेलं, तर गुठळ्या होऊन तळाशी बसायची. मग कीटकांच्या पेशी वाढवायच्या, कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून कॉलम चालवायचा आणि हाती आलेलं जेमतेम प्रथिन पुरवून पुरवून वापरायचं. चोवीस खळग्यांची प्लेट, कडांना ग्रीस, काचेच्या चकतीवर एक थेंब. चकती उलटी ठेवली की पुढे नुसती वाट पाहणं. सूक्ष्मदर्शकाखाली चमचमते खडे दिसले की जीव हरखायचा. सुईने दाबल्यावर ते कडक लागले, तर समजायचं की हे मीठ. प्रथिनाचा क्रिस्टल हलक्या दाबानेच चुरतो.

आता रोबॉट नॅनोलिटरचे थेंब टाकतो आणि कॅमेरा त्यांचे फोटो काढत राहतो. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला तर प्रथिनाची रचना दाखवायला क्रिस्टलच लागत नाही. झाडाच्या रोगप्रतिकारातल्या झार-१ या प्रथिनाचं पाच आऱ्यांचं चक्र २०१९ मध्ये त्यातूनच दिसलं. अल्फाफोल्ड ही संगणक-प्रणाली तर प्रथिनाच्या अनुक्रमावरूनच त्याच्या घडीचं भाकीत करते. त्या कामाला २०२४ चं नोबेलही मिळालं. विद्यार्थ्यांची वर्षं वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही त्या थेंबांचं ऋण मोठं आहे. फ्रिट्स वेंट यांनी १९२० च्या दशकात ओटच्या कोंबांवर प्रयोग करून ऑक्झिन या वनस्पती-संप्रेरकाचं अस्तित्व दाखवलं. ते ग्राही प्रथिनात नेमकं कुठे बसतं, हे दिसायला २००७ साल उजाडलं. निंग झेंग यांच्या गटाने टीआयआर-१ या ग्राही प्रथिनाचा क्रिस्टल मिळवला, तेव्हा ऑक्झिन दोन प्रथिनांमध्ये डिंकासारखं बसलेलं आढळलं. तणनाशक म्हणून शेतकरी फवारतात ते २,४-डी याच खोबणीत शिरतं, हेही तिथेच दिसलं. आणखी एक रेणू मात्र कुणी न घालताच आत होता: इनॉसिटॉल हेक्साकिसफॉस्फेट, म्हणजे कडधान्यांतलं फायटिक आम्ल. कीटकांच्या पेशींतून तो प्रथिनाबरोबर आपसूक आला होता.

संगणकाला आपण जे रेणू देतो, तेवढेच तो मांडतो. न विचारलेलं उत्तर प्रत्यक्ष प्रथिनच देतं. म्हणून नव्या मुलांना माझं सांगणं आहे: भाकीत जरूर वापरा, पण एक प्लेट लावा आणि थेंब स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.