तेविसावा पेच

गेल्या भाऊबीजेपासून माझ्या डब्यात पस्तीसच कार्डं आहेत. तेविसावं एक मुलगी घेऊन गेली आणि ते परत मागायला मला तोंड उरलेलं नाही.

डबा पत्र्याचा, सराफ्यातल्या मिठाईचा. आत पोल्तीचे छत्तीस पेच, माझ्या अक्षरात, मराठीत. लिहिणाऱ्यांना ही भानगड नवी नाही. नाटकात पेच छत्तीसच असतात असं गोझी म्हणाला, शिलरनं जंग जंग पछाडलं तरी त्याला तेवढेही सापडले नाहीत, आणि १८९५ मध्ये पोल्तीनं फ्रेंचमध्ये त्यांची यादीच छापली. याचना, सुटका, सूड, बंड, अपहरण असं करत आपण तेविसाव्याला येतो: जिवलगाचा बळी देणं भाग पडणं.

चाळीस वर्षं मी या एका कार्डाशी झटतो आहे. बळीची अडचण नाही. बळी काय, दिवे मंद केले, मागे तंबोरा सोडला की पडतो. अडचण आहे ती 'भाग पडणं' या दोन शब्दांची. भाग पाडतं कोण? ते दिसलं नाही तर बळी देणारा माणूस एक तर हट्टी वाटतो, नाही तर माथेफिरू.

इंदूरच्या माणसाला या पेचासाठी लांब जावं लागत नाही. राजवाड्याजवळ आडा बाजार आहे. अहिल्याबाई होळकरांच्या मुलाच्या, मालेरावाच्या, रथाखाली वासरू चिरडलं, गाय रस्त्यातच बसून राहिली. अहिल्याबाईंनी मुलालाही तसंच चिरडण्याची शिक्षा फर्मावली. सारथी तयार होईना, तेव्हा बाईंनी स्वतः लगाम हातात घेतला. पण तीच गाय पुन्हा पुन्हा रथाच्या आडवी आली, म्हणून तो आडा बाजार. दंतकथा आहे, मला ठाऊक आहे. माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ च्या ग्रंथात दिलेली हकीकत वेगळीच आहे: मालेरावानं संशयावरून एका निरपराध कशिदा कारागिराचा जीव घेतला, मग त्याला वेड लागलं आणि १७६७ मध्ये तो गेला. आईनं मुलाला मारलं या वावड्या माल्कमनं तपासून खोट्या ठरवल्या. त्याच्या हकिकतीत बाई मुलाच्या उशाशी बसून त्या कारागिराच्या भुताची विनवणी करतात, त्याच्या नावानं देऊळ बांधते म्हणतात, आणि भूत ऐकत नाही. नाटककाराला खरं तर हे जास्त मोलाचं. पण माझं मन रथातच अडकलेलं.

तीनदा लिहिलं. पहिल्या एकांकिकेत भाग पाडायला न्यायदेवतेचा आवाज ठेवला. बाई हट्टी दिसल्या. दुसऱ्या वेळी शास्त्री आणले, पोथी उघडली. सगळा दोष शास्त्र्यांवर गेला आणि बाई बिचाऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी श्रुतिका, नुसतं स्वगत, अकरा मिनिटं. वाचताना माझे मलाच डोळे भरून आले. आमच्या हिनं स्वयंपाकघरातून विचारलं, "बाई इतक्या बोलत असत का हो?"

मेहबूब खानांचा मला हेवा वाटतो तो इथे. १९४० मध्ये 'औरत' केला, तीच गोष्ट पुन्हा १९५७ मध्ये 'मदर इंडिया' म्हणून केली. सतरा वर्षं मुरवली. राधा आपल्याच मुलावर, बिरजूवर, बंदूक रोखते तेव्हा गावच्या लेकीची अब्रू डोळ्यांसमोर घोड्यावरून पळवली जात असते. भाग पाडणारं पडद्यावरच आहे, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. 'शक्ती'त ते काम वर्दी करते.

'शक्ती'वरून एक कबुली. सलीम-जावेदमधले सलीम खान आमच्या इंदूरचे, वडील पोलीस अधिकारी. मी कित्येक व्याख्यानांत ठोकून दिलं आहे की पोलीस बाप मुलावर गोळी झाडतो ती कल्पना आडा बाजारातून मुंबईला गेली. टाळ्या हमखास. पुरावा शून्य. शिवाय पोलीस बापानं मुलाला गोळी घालण्याचा तमिळ 'तंगपदक्कम' १९७४ चा आहे, 'शक्ती' १९८२ चा, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण भिया, इंदुरात इंदूरचं नाव घेतल्याशिवाय टाळी पडत नाही.

आणि खरोखर इथून मुंबईला गेलेली गोष्ट होती ती निराळीच. मुमताज बेगम होळकरांच्या जनान्यातून निसटली, १२ जानेवारी १९२५ ला मलबार हिलवर तिच्यासोबत असलेल्या बावलाचा खून झाला, आणि त्याच वर्षी 'कुलीन कांता' नावाचा मूकपट तयार! कोहिनूर कंपनीला कार्डं काढावी लागली नाहीत. पण या प्रकरणातही माझाच प्रश्न आहे. हुकूम कोणाचा? होळकर महाराज तुकोजीरावांपुढे पर्याय ठेवला गेला, चौकशी किंवा गादी. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली, आणि तो प्रश्न तसाच राहिला. माझ्या एकांकिकांसारखा.

छत्तीस पेच म्हटलं की हल्लीचे लोक हसतात. मुंबईच्या दोन दिवसांच्या शिबिरांत 'नायकाचा प्रवास' शिकवतात, वर्तुळं काढून. काढोत. मालिकावाले तर बत्तिसाव्या कार्डावर, खोट्या संशयावर, हजार भाग ओढतात, आणि ट्रॅक संपत आला की कानामागून कोणीतरी अर्धंच वाक्य ऐकतं. मी हे म्हणतो आहे आणि मीसुद्धा तसले सत्तरेक भाग लिहिले आहेत, पैसे वेळेवर मिळत होते तोवर.

तर ही मुलगी. रविवारी सकाळी यायची, पोहे खायची, एक कार्ड ओढायची आणि लिहायची. तेविसावं निघालं तेव्हा मी माझे तिन्ही खर्डे तिच्यापुढे टाकले. जरा ऐटीतच. तिनं वाचले आणि म्हणाली, "काका, सून कुठे गेली?"

दंतकथेत सून आहे. शिक्षा फर्मावण्याआधी बाई मालेरावाच्या बायकोला विचारतात, आईदेखत तिचं लेकरू चिरडणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? ती सांगते, त्यालाही तसंच चिरडावं. हा प्रसंग मी तिन्ही वेळा गाळला होता. कीर्तनातली क्लृप्ती वाटायची, फार गोळीबंद.

तिनं दीड पान लिहून आणलं. सून गव्हले वळते आहे. सासू येऊन बसते, विचारते. सून मान वर न करता उत्तर देते. सासू म्हणते, "नक्की?" सून म्हणते, "त्यात काय विचारायचं, आत्याबाई?" आणि गव्हले वळत राहते. सासू उठून जाते. प्रसंग संपला.

वासरू आपण आधीच्या प्रसंगात पाहिलेलं असतं, सुनेनं नाही. भाग पाडणारी समोर बसली आहे, बोटांना पीठ लागलेलं, आणि आपण कोणाबद्दल बोललो हे तिला ठाऊक नाही. तेविसाव्याच्या पोटात सतरावं कार्ड, घातक गाफीलपणा. डब्यात दोन्ही कार्डं चाळीस वर्षं सहा कार्डांच्या अंतरावर पडली होती. मला ती एकत्र धरायचं सुचलं नाही, कारण मला बाईंच्या तोंडी मोठी वाक्यं हवी होती. टाळ्यांची.

मी म्हटलं, "बरं आहे. 'आत्याबाई' जुनं वाटतं का बघ." दुसरं काही सुचलं नाही.

त्याच आठवड्यात मुंबईहून एका निर्मात्याचा फोन आला. अहिल्याबाईंवर काही नवं आहे का? मी तो प्रसंग सांगितला. चांगला रंगवून. तो म्हणाला, "वा, कधी सुचलं हे?" मी म्हटलं, "परवाच." मुलगी समोर कार्डं लावत बसली होती. तिनं मान वर केली नाही. निघताना म्हणाली, "काका, हे एक मी नेऊ?" मी म्हटलं, ने.

निर्मात्याचा फोन पुन्हा आलेला नाही. आपणच करून खरं सांगून टाकावं असं रोज ठरवतो. अजून केलेला नाही.

ती आता पुढचं लिहिते आहे: रथ, गाय आणि सुनेला ते कळतं तो क्षण. आपल्या हुकमाचा अर्थ ऐकल्यावर सून काय करते, हे मला माहीत असलेल्या कोणत्याच पाठात नाही. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून ही गोष्ट शंभर तऱ्हांनी सांगितली जाते. तुमच्या आजीच्या तोंडी पुढे सुनेचं काही आलं असेल, एखादं वाक्यसुद्धा, तर कळवा. मला नव्हे, तिच्यासाठी हवं आहे.