परमुलखातला पिव्हॉट

माझ्याकडे येणारी उंच मुलं खरं तर उंच नसतात. सहा फूट दोन, फार तर तीन इंच. जिल्ह्याच्या संघात त्यांच्याहून उंच कोणी नसतं, म्हणून शाळेपासून त्यांना रिंगखाली उभं केलेलं असतं. राज्याच्या शिबिरात गेली की तीच मुलं ठेंगणी ठरतात. तिथून पुढे दोन वाटा. एक, गार्डचा खेळ शिकायचा. पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी नव्याने हात बसवणं सोपं नसतं. दुसरी, उंचीवाचून पिव्हॉट खेळायला शिकायचं. मी स्वतः याच दुसऱ्या वाटेने खेळलो आणि गेली बरीच वर्षं तीच शिकवतो आहे. शिकवताना ज्याचे सामने मी मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो, तो खेळाडू एनबीएचा नाही. त्याचं नाव काईल हाइन्स.

न्यू जर्सीचा हा मुलगा, उंची सहा फूट सहा इंच. आपल्याकडे एवढी उंची म्हणजे चैन. पण युरोपात सेंटरच्या, म्हणजे पिव्हॉटच्याच, जागेवर सात फुटी माणसं उभी असतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोच्या विद्यापीठाकडून खेळताना त्याने दोन हजारांहून अधिक गुण केले, हजारावर रिबाउंड घेतले, तीनशेच्या वर शॉट ब्लॉक केले. तरी 2008 साली एनबीएच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कोणी घेतलं नाही. सेंटर म्हणून तो बुटका आणि फॉरवर्ड म्हणून दुरून शॉट नसलेला, असा सरळ हिशेब होता. मग तो इटलीत गेला, तोही दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, रोमच्या आग्नेयेला डोंगरावर वसलेल्या वेरोली नावाच्या गावच्या संघात. तिथून जर्मनीतलं बाम्बेर्ग, मग ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, मग सीएसकेए मॉस्को आणि शेवटी मिलान. 2024 मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर युरोलीगची चार विजेतेपदं होती: 2012 आणि 2013 ऑलिम्पियाकोसकडून, 2016 आणि 2019 सीएसकेएकडून. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही.

परदेशी खेळून पोट भरणारे अमेरिकन त्याच्याआधीही होते. बॉब मॅकअडू 1975 मध्ये एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. पुढे मिलानला जाऊन त्याने 1987 आणि 1988 असं लागोपाठ युरोपचं विजेतेपद मिळवलं. कोबी ब्रायंटचे वडील जो ब्रायंट 1984 ते 1991 इटलीत गावोगावी खेळले आणि त्या पायी कोबी इटालियन बोलतच मोठा झाला. ही मंडळी नाव घेऊन गेली होती. हाइन्सच्या पिढीतले शेकडो खेळाडू नाव नसताना जातात. माझ्या मुलांना त्यांचाच हिशेब समजून घ्यायला हवा.

हा हिशेब सुरू होतो करारापासून. परदेशी खेळाडूला क्लब पगाराबरोबर घर देतो, बहुतेकदा गाडी देतो, जाण्यायेण्याची तिकिटं देतो, आणि कराराचा आकडा सहसा कर वजा जाता हातात पडणारा असतो. विमानातून उतरल्यावर आधी वैद्यकीय तपासणी. ती पार पडेपर्यंत करार हा नुसता कागद. खेळाडू आधी ज्या देशात नोंदलेला होता तिथल्या संघटनेकडून ना हरकत पत्र आलं की मगच नाव नोंदलं जातं. लीगगणिक परदेशी खेळाडूंच्या जागा मोजलेल्या असतात, त्यामुळे त्यातली एक अडवून बसलेला माणूस चालेनासा झाला तर क्लब वाट बघत नाही. हंगामाच्या मध्यातच त्याच्या जागी दुसरा येतो. पैसे थकले तर? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बास्केटबॉलची जागतिक संघटना असलेल्या फिबाने 2007 मध्ये त्यासाठी जिनिव्हात एक लवाद सुरू केला. खेळाडू आणि एजंट थेट तिथे दाद मागतात, आणि निकाल धाब्यावर बसवणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवता येत नाहीत. हे ऐकलं की मुलांचे चेहरे जरा खुलतात. पण लवादाकडे जावं लागणं म्हणजे आधी काही महिने बिनपगारी खेळणं, हेही मी सांगून ठेवतो.

दुसरा धक्का नियमांचा. बास्केटबॉल जगभर एकच, असं टीव्ही बघून वाटतं. फिबाचा सामना 40 मिनिटांचा, एनबीएचा 48. तिथे सहा फाउल, इथे पाचव्याला बाहेर. टाइम-आऊट खेळाडूला मागता येत नाही, कोचनेच मागायचा. पिव्हॉटच्या दृष्टीने खरे फरक दोन. एनबीएत बचाव करणाऱ्याला कोणाला धरल्याशिवाय रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. फिबात त्याला मुभा आहे, म्हणजे सात फुटी माणूस तिथे खुशाल ठाण मांडून बसतो. शिवाय शॉट एकदा रिंगला लागला की फिबात तो बॉल कोणीही उडवून लावू शकतो किंवा आत ढकलू शकतो. एनबीएत रिंगवरच्या बॉलला हात लावणं गुन्हा. आणि नवा अमेरिकन खेळाडू सर्वांत जास्त कुठे अडकतो, तर पहिल्या पावलावर. उभ्या जागेवरून ड्रिबल सुरू करताना टेकलेला पाय उचलायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे, हे फिबाचे रेफ्री डोळ्यांत तेल घालून बघतात. पाय आधी उचलला की शिट्टी. आयुष्यभर ज्या पावलावर दोन हजार गुण केले, ते पाऊलच बेकायदा ठरतं. चार-दोन सामन्यांत हे सुधारलं नाही तर पुढचं तिकीट घरचं.

आता मूळ मुद्दा. अशा परक्या ठिकाणी काय टिकतं? माझं मत असं, की ज्या कौशल्याला संघाची ओळख लागत नाही ते टिकतं. शॉट मारणाऱ्याला त्याच्या आवडीच्या जागी, हव्या त्या क्षणी पास मिळावा लागतो, आणि तो देणाऱ्याला त्याची सवय व्हावी लागते. त्याला वेळ जातो, आणि परदेशी खेळाडूला तोच मिळत नाही. स्क्रीन मात्र पहिल्या दिवसापासून लावता येतो.

स्क्रीन म्हणजे नुसतं आडवं उभं राहणं नव्हे. हाइन्सचा स्क्रीन मी मुलांना थांबवत थांबवत दाखवतो. तो गार्डकडे धावत येतो, पण शेवटच्या दोन पावलांत वेग मोडतो आणि दोन्ही पाय एकदम टेकवतो. धडक बसते त्या क्षणी पाय हलता कामा नयेत; हलले तर फाउल त्याच्याच नावावर. पाय खांद्यांहून किंचित रुंद, गुडघे वाकलेले, हात छातीशी. पाठ कुठे वळली आहे ते बघा, असं मी सांगतो. पाठ ज्या दिशेला, गार्डने तिकडे सुटायचं. पाठीचा कोन चुकला तर बचावपटू मधून निसटतो. दिसत नसलेल्या बाजूने स्क्रीन लावायचा तर त्याला एक पाऊल मोकळं द्यावं लागतं. समोरून असेल तर स्पर्शाच्या अलीकडे हवं तेवढं जवळ जाता येतं. मग धडक. धडक अंगावर घ्यायची आणि मगच निघायचं. शंभरातली नव्वद मुलं आधीच निघतात, कारण त्यांचं लक्ष पासवर असतं. हाइन्स धडक घेतो, आतल्या पायावर वळतो, बचावपटूला पाठीवर घेतो आणि हात वर करून रिंगकडे धावतो. पास आला तर बास्केट. नाही आला तर त्याच्यामागे धावलेल्या दोन माणसांमुळे कोपऱ्यातला शूटर मोकळा. स्कोअरशीटवर हाइन्सचं नाव यातल्या एकाच वेळी लागतं.

बचावातही तेच. गेल्या पंधरा-वीस वर्षांत खेळ रिंगपासून दूर सरकला. 2010 मध्ये फिबाने तीन गुणांची रेषा 6.25 मीटरवरून 6.75 वर नेली, मैदान पसरलं, आणि सात फुटी सेंटरला चपळ गार्डसमोर उघड्यावर यावं लागलं. तिथे त्याचे पाय अडकू लागले. हाइन्सची उंची आता आड येईना. स्क्रीन लागला की तो सरळ माणूस बदलून घ्यायचा आणि गार्डसमोर नितंब खाली ठेवून बाजूबाजूने सरकत राहायचा. पुढच्याच मिनिटाला सात फुटी माणसाला ढुंगणाने ढकलून रिंगपासून दूर ठेवायचा. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून तो एकाहून अधिक वेळा निवडला गेला. ज्या कमतरतेमुळे ड्राफ्टमध्ये डावलला गेला, तीच खेळ बदलल्यावर कामाला आली. पण त्याचा पायांचा पाया आधीच पक्का होता. खेळ बदलेपर्यंत तो थांबला नव्हता.

परमुलखात खेळणं मला पंगतीत आयत्या वेळी हाक मारलेल्या वाढप्यासारखं वाटतं. यजमानाची ओळख करून घेत बसायला सवड नसते. कोणाच्या पानात काय नाही ते बघायचं आणि भांडं उचलायचं. बाम्बेर्गमध्ये हाइन्स एकच हंगाम होता, 2010-11. त्या हंगामात संघाने जर्मनीची लीग आणि कप दोन्ही जिंकले. पुढच्याच वर्षी ऑलिम्पियाकोसमध्ये वासिलिस स्पानुलिससारखा गार्ड होता. बॉल त्याच्याच हाती असणार हे उघड होतं. इस्तंबूलच्या अंतिम सामन्यात हा संघ सीएसकेएसमोर 19 गुणांनी मागे पडला होता. शेवटी स्पानुलिसच्या पासवर त्याचा सहकारी प्रिंटेझिसने 0.7 सेकंद उरले असताना बॉल आत सोडला आणि 62-61 असा सामना काढला. मी तो सामना मुलांना पूर्ण दाखवतो, शेवटचा शॉट तेवढा नाही. 19 गुणांची खाई एका शॉटने भरत नाही; ती बचावातून, एकेक पझेशन रोखून भरते.

आणखी एक. ज्या सीएसकेएला त्या रात्री हरवलं, त्याच क्लबने पुढच्याच वर्षी त्याला बोलावलं आणि तो तिथे सात हंगाम राहिला. पासपोर्टवर शिक्के किती यावरून मुलं कारकीर्द मोजू पाहतात. दरवर्षी देश बदलणाऱ्यांत पुष्कळदा दरवर्षी नारळ मिळालेलेही असतात. हाइन्स ज्या ज्या ठिकाणाहून निघाला, तिथून वरच्या ठिकाणी गेला किंवा वरच्याच ठिकाणी राहिला.

या आयुष्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकन महिला खेळाडूंसाठी तर परदेश ही गरजच होती. 2015 मध्ये डायना टॉरासीने रशियन क्लबच्या सांगण्यावरून मायदेशातला अख्खा हंगाम सोडला, कारण तिकडचा पैसा कितीतरी जास्त होता. 2022 मध्ये ब्रिटनी ग्राइनर त्याच वाटेवर असताना मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली आणि महिनोन् महिने रशियाच्या तुरुंगात राहिली. परक्या देशात खेळाडू नुसता खेळाडू नसतो, तो कोणत्या देशाचा आहे हेही कोणीतरी बघत असतं.

आपल्याकडून अमज्योत सिंग जपानमध्ये आणि अमेरिकेच्या जी लीगमध्ये खेळून आला. विशेष भृगुवंशीला 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड संघाने करारबद्ध केलं. अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच. कारण नुसती उंची नाही. आपल्याकडे चांगल्या खेळाडूचं ध्येय असतं खेळाच्या कोट्यातून रेल्वेत किंवा एखाद्या सरकारी कंपनीत लागणं, आणि त्यात गैर काहीच नाही. घरी निवृत्त बाप आणि लग्नाची बहीण असलेल्या मुलाला मी दहा महिन्यांच्या करारासाठी पक्की नोकरी सोड असं सांगणार नाही. पण त्याच नोकरीमुळे एकाच संघात, एकाच गार्डबरोबर, वर्षानुवर्षं तेच खेळायची सवय लागते. म्हणून रविवारी मी दुसऱ्या क्लबांचे गार्ड सरावाला बोलावतो आणि माझ्या पिव्हॉटांच्या जोड्या सारख्या बदलत राहतो. बोलून ओळख करून घ्यायची नाही, स्क्रीन लावून करून घ्यायची.

मध्यंतरी त्यातल्याच एकाने विचारलं, "सर, असं खेळलो तर माझे गुण कमी होणार ना?"

"होणार."

"मग निवड चाचणीला सिलेक्टरला काय दिसणार?"

प्रश्न रास्त होता. पहिला करार गुणांवरच मिळतो, हे मी त्याला लपवलं नाही. हाइन्सच्या मागेही कॉलेजातले दोन हजार गुण होते, म्हणून तर वेरोलीने त्याला बोलावलं. त्यामुळे रिंगखालचा एक शॉट असा पक्का कर की झोपेतही चुकणार नाही, असं मी त्याला सांगितलं. दार उघडायला तो लागेल. आत गेल्यावर मात्र तिथल्या कोचला दुसरं काहीतरी हवं असेल, आणि काय हवं आहे ते तो तुला नीट सांगणारही नाही. ते पहिल्या आठवड्यात ओळखणाऱ्याचा करार वाढतो. सध्या तो मुलगा डाव्या हाताचा हुक पक्का करतो आहे, आणि धडक घ्यायच्या आधीच निघायची त्याची खोड अजून गेलेली नाही.