पडदा आणि परभणी

मार्चअखेरीला बँकेत सगळ्यांच्याच डोळ्यांपुढे काजवे चमकतात. त्यामुळे आमचे हेडकॅशियर "उजव्या डोळ्यापुढे काजवे चमकतायत, डास घोंघावतायत" म्हणाले, तेव्हा साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. परभणीत डासांचं कौतुक कुणाला? पण दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "खालून काळा पडदा वर येतोय." डोळ्याच्या आतला पडदा फाटून सुटला होता.

मग सल्ले सुरू झाले. शिपाई म्हणाला, "बाहेरून पट्टा आवळतात. आमच्या साडूला आवळलाय." सेव्हिंग्जच्या बाईंच्या नणंदेच्या डोळ्यातला द्रवच काढून टाकला होता. एक खातेदार म्हणाला, "छे हो, नुसता गॅस भरायचा." कॅशियर बिचारे एका डोळ्यानं ऐकत होते.

गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होते. पडद्याचं भोक बुजवलं की पडदा बसतो, हे स्वित्झर्लंडच्या गोनँनी १९२० च्या दशकात दाखवून दिलं. बाकी सगळे बुजवण्याचे प्रकार. १९४९ साली पट्ट्याची वाट दाखवणारे कुस्टोडिस जर्मन. १९७० च्या सुमारास मायामीत द्रव काढण्याची विट्रेक्टॉमी आणणारे माखेमरही जन्मानं जर्मन. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' या म्हणीतला जर्मनीचा वाटा तर चोख निघाला!

टोरांटोत १७६ रुग्णांवर गॅस आणि विट्रेक्टॉमीची तुलना झाली, ती २०१९ साली छापून आली. पहिल्याच फेरीत पडदा बसला तो गॅसनं सुमारे ८१ टक्के, विट्रेक्टॉमीनं ९३ टक्के लोकांचा. पण वर्षभरानं अक्षरं जास्त वाचली गॅसवाल्यांनी. म्हणजे एकीकडे मुद्दल सुरक्षित, दुसरीकडे व्याज बरं. शिवाय गॅसचा बुडबुडा वरवर जाणारा, त्यामुळे भोकही वरच्या बाजूलाच हवं.

डॉक्टरांनी मात्र एकच विचारलं, "मधला भाग अजून चिकटलेला आहे ना?" होता. तो सुटला की कुठलंही ऑपरेशन करा, नजर पूर्वीसारखी येण्याची खात्री नाही. रात्रीच्याच गाडीनं कॅशियरना छत्रपती संभाजीनगरला नेलं. भोक वरच होतं, गॅस भरला. नजर वाचली.

पुढे कित्येक दिवस त्यांना पाणसळीतल्यासारखा बुडबुडा दिसत होता. मान एका बाजूला कलती ठेवायची. भेटायला आलेल्यांना वाटे, कॅशियर आपल्यावर नाराज आहेत. बुडबुडा जिरेपर्यंत विमानात बसायचं नाही, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. परभणीच्या माणसाला तेवढं पथ्य काही जड गेलं नाही.