गटे : एका आडनावाची त्वचा

शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचलेला जर्मन कवी, एवढीच गटेची ओळख आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाचल्याची कथा ऐकीव. गेओर्ग फोर्स्टरच्या जर्मन अनुवादातून ते नाटक वाचून १७९१ मध्ये त्याने त्याच्या स्तुतीपर चार ओळी लिहिल्या, हे मात्र खरे. आज आम्हाला बोलायचे आहे ते या कवीविषयी नव्हे, त्याच्या आडनावाविषयी. मराठीत ते गटे, गोएटे, गोएथे अशा नाना रूपांत लिहिले जाते, आणि आम्ही फळ्यावर ते लिहिले की यांतले शुद्ध कोणते, हा प्रश्न वर्गातून हमखास येतो. खरे तर त्यातला पहिला स्वर देवनागरीत नाहीच. ओठ ‘ओ’साठी गोल ठेवून जिभेने ‘ए’ म्हटले की तो साधतो. त्यामुळे आपली सगळीच रूपे तडजोडीची आहेत.

हे आडनाव जर्मनीतही दुर्मीळच. त्याची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगितली जाते. एका मताप्रमाणे ते गोटफ्रीड या नावाचे लाडके, आखूड रूप आहे. ‘देव’ आणि ‘शांती’ हे दोन शब्द त्या नावात एकत्र आले आहेत. याच नावापासून झालेले ग्योट्स हे रूप मात्र जर्मनीत पुष्कळ आढळते. गटेचे नाव प्रथम गाजले ते १७७३ सालच्या ज्या नाटकामुळे, त्याचा नायक असाच एक ग्योट्स, म्हणजे मुळातला गोटफ्रीड आहे. हे मत खरे मानले तर नाटककार आणि नायक नावाने एकमेकांचे भाऊबंद ठरतात. दुसरे मत असे की, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणाऱ्या धर्मपित्यासाठी जुन्या बोलींत जो शब्द होता, त्यावरून हे आडनाव आले.

घराणे थुरिंजियातले. पणजोबा आर्टर्न गावी नालबंद होते. आजोबा फ्रीडरिश गेओर्ग शिंपीकाम शिकले आणि फ्रान्समध्ये ल्यों येथे राहिले. १६८५ मध्ये तेथील प्रॉटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले गेले, तेव्हा त्यांना तो देश सोडावा लागला. फ्रँकफुर्टला येताना त्यांनी आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर फ्रेंच धर्तीची आघातखूण आणली होती. उंची कपडे शिवणाऱ्याला तेवढी फ्रेंच झालर शोभून दिसत असावी. पुढे १७०५ मध्ये त्यांनी एका खानावळीच्या विधवा मालकिणीशी विवाह केला आणि घरात पैसा आला. मुलगा योहान कास्पर कायदा शिकला. ती आघातखूण गेली, ‘ओ’वरची दोन टिंबेही गेली आणि त्यांच्या जागी ‘ओ’ व ‘ए’ ही दोन अक्षरे शेजारी बसली. आज जगाला ठाऊक असलेले रूप ते हेच. आईकडचे आडनाव टेक्स्टोर. तेही मूळचे ‘वेबर’, म्हणजे विणकर. एका विद्वान पूर्वजाने त्याचे लॅटिन करून घेतले. एकीकडे विणकर, दुसरीकडे शिंपी, असा हा वस्त्राचा वारसा.

या आडनावाची थट्टा केली ती एका मित्राने. १७७०–७१ च्या सुमारास स्ट्रासबुर्गमध्ये हेर्डरने पुस्तके मागण्यासाठी गटेला एक पद्यमय चिठ्ठी पाठवली. हे नाव देवांपासून आले, गॉथ लोकांपासून आले की घाणीपासून, अशी कोटी तिच्यात होती. विशीतल्या गटेने तेव्हा ती सोसली. पण आत्मचरित्राचा दुसरा भाग १८१२ मध्ये निघाला, तेव्हा चाळीस वर्षे उलटून गेली होती आणि हेर्डरही हयात नव्हता. तरी तो सल त्यात उतरला आहे. गटेचे म्हणणे थोडक्यात असे : नाव म्हणजे अंगाभोवती सैल लोंबणारा झगा नव्हे, की कोणीही यावे आणि ओढावे. ते अंगाबरहुकूम बसलेले वस्त्र असते. किंबहुना माणसावर वाढलेली त्वचाच असते. तिला ओरखडा काढला की माणूसच दुखावतो.

शिंप्याच्या नातवाने नावाला आधी वस्त्र म्हणावे आणि मग ती उपमा अपुरी वाटून त्वचेपाशी यावे, यात आम्हाला फार मोठा अर्थ दिसतो. याच आत्मचरित्रात नगरप्रमुख असलेल्या टेक्स्टोर आजोबांचे वर्णन ऐसपैस आहे. शिंपी आजोबा जवळजवळ नाहीतच. आडनाव त्यांचे, शब्द त्यांच्या धंद्यातले, आणि ते स्वतः मात्र गैरहजर.

हा ओरखडा आपल्यालाही परका नाही. ढेकणे, उंदरे अशी आडनावे हजेरीत पुकारली गेली की मागच्या बाकांवरून उठणारी खसखस आम्ही विद्यार्थी म्हणून ऐकली आणि पुढे शिक्षक म्हणूनही. राजपत्रात आडनावबदलाच्या जाहिराती छापून येतात, त्यांतल्या काहींमागे अशीच हजेरी उभी असेल. व्युत्पत्तीची गोडी असलेल्या आमच्यासारख्यांनी तर अधिकच जपायला हवे. आपल्याला ज्यात रंजक धातू आणि प्रत्यय दिसतात, तेथे समोरच्याची कातडी असते.

पण नावाला इजा थट्टेनेच होते असे नाही, कीर्तीनेही होते. १७८२ मध्ये सम्राट दुसऱ्या योझेफने गटेला ‘फॉन’ हे उमरावपद दिले. त्याच्या पाच मुलांपैकी एकटा आउगुस्ट जगला आणि तोही १८३० मध्ये, वडिलांच्या आधी दीड वर्ष, रोममध्ये वारला. तेथील प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्याच्या थडग्यावर लॅटिन लेख आहे : गटेचा पुत्र, पित्याच्या पुढे गेला, वय चाळीस, साल १८३०. त्या दगडावर ‘आउगुस्ट’ हे नाव कोठेही नाही. तिन्ही नातवंडे निःसंतान गेली. १८८५ मध्ये शेवटचा नातू वाल्टर वारला आणि कवीचा वंश संपला.

आडनावाचा खरा प्रसार त्यानंतर झाला. वाल्टरच्या मृत्युपत्राने वायमारचे घर राज्याला मिळाले आणि त्याच वर्षी तेथे संग्रहालय झाले. १९३२ मध्ये फ्रँकफुर्टच्या विद्यापीठाला हे नाव दिले गेले. १९५१ मध्ये गटे-इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पण पुण्या-मुंबईत आपण तिला ओळखतो ते मॅक्स म्युलर भवन म्हणून. येथे एका जर्मन आडनावाने दुसऱ्याला झाकले आहे. त्याआधी, खुद्द कवीच्या हयातीत, १८०६ मध्ये एका लोहखनिजाला त्याच्या नावावरून गोएथाइट म्हटले गेले. कोकणातल्या जांभ्याला जे पिवळट-तांबूस अंग असते, त्यात या खनिजाचा वाटा आहे. देवगड-मालवणकडची कितीतरी घरे अशा चिऱ्यांवर उभी आहेत.

गोएथाइट जांभ्यात आहे, पण दगडाला ओरखडा दुखत नाही. म्हणून आम्ही वर्गात गटे शिकवताना आर्टर्नच्या नालबंदाचे आणि ल्योंहून परतलेल्या शिंप्याचे नाव घेतो. रोममधल्या त्या थडग्यात निजलेल्याला आउगुस्ट म्हणतो. आणि मग हजेरीपट उघडून ढेकणे हे आडनाव सावकाश, स्पष्ट उच्चारतो.