आवक क्रमांक

2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या व्यवहारयंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांच्या आधारे 28 देशांतील एटीएममधून आणि परदेशी खात्याकडे वळवून मिळून सुमारे 94 कोटी रुपये लांबविण्यात आले, तेव्हा मुरुडच्या बसस्थानकावर वर्तमानपत्र वाचणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींना तो दूरच्या महानगरातला दरोडा वाटला. त्या प्रकरणाशी माझ्या खात्याचा काडीमात्र संबंध नव्हता. परंतु त्याच श्रावणात एका रात्री, कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशात असताना, परराज्यातील एका यंत्रातून माझ्या निवृत्तिवेतनाची रक्कम काढली गेली.

ती दोन हप्त्यांत गेली होती. पहिली उचल मध्यरात्रीच्या किंचित आधी आणि दुसरी बारा वाजून गेल्यावर लगेच, कारण दिवसाची मर्यादा रात्री बाराला नव्याने सुरू होते आणि चोराला एकाच रात्रीत दोन दिवसांचा पैसा उचलता येतो. तेव्हाच्या कार्डांवरील काळ्या चुंबकीय पट्टीची नक्कल करणे सोपे होते. तशी कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2018 च्या डिसेंबरअखेरची मुदत ठरवून दिली होती, आणि माझे कार्ड अजून जुन्या पट्टीचेच होते.

तहसिलीत अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती ही की दप्तरात तोंडी शब्दाला किंमत नसते. मोबाइलवर उचलीचा संदेश दिसताच कार्डाच्या पाठीवरील क्रमांकावर दूरध्वनी करून मी कार्ड बंद करविले, मिळालेला तक्रार क्रमांक वेळेसह वहीत टिपला, आणि शाखा उघडताच अर्जाच्या दोन प्रती घेऊन हजर झालो. अर्जात दोन्ही व्यवहारांची वेळ व ठिकाण, कार्ड अद्याप माझ्याच ताब्यात असल्याची हकीकत, आणि त्या यंत्रावरील चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवावे ही विनंती होती. मूळ कार्ड मी अधिकाऱ्यांपुढे ठेवले. ते अशा वेळी कापून टाकू नये, कारण नक्कल झाल्याचा पहिला पुरावा तेच असते.

खिडकीतला तरुण सज्जन होता, पण म्हणाला, "काका, पिन तुम्हीच कुणाला तरी सांगितला असंल, आठवून बघा." फसविल्या गेलेल्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे हे वाक्य आमच्याकडील किती जणांना परत घरी पाठवीत असेल, या विचाराने माझे मन आजही व्यथित होते. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या, तेव्हा लागू असलेल्या परिपत्रकानुसार अशा व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर होता. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तिसऱ्याच इसमाने घात केला, अशा वेळी सूचना मिळाल्याचा दिवस वगळून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकाचा तोटा शून्य ठरत असे, चार ते सात दिवसांत कळविल्यास तो ठराविक मर्यादेपर्यंतच राहत असे, आणि कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करणे बँकेवर बंधनकारक होते. हे मी नम्रपणे सांगितले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याखेरीज खिडकी सोडली नाही. तीच पोच जोडून पोलीस ठाण्यात फिर्याद दिली.

मुदत टळली तेव्हा त्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र पाठविले, आणि मग रक्कम जमा झाली; तीही उचल झाली त्याच तारखेपासून, म्हणजे व्याजाचेही नुकसान झाले नाही.

आता साधने वाढली आहेत. मोंढ्यातील एका आडत दुकानाच्या मुनिमांच्या खात्यातून अलीकडे रक्कम वळवली गेली, तेव्हा "आप्पा, आता काय करावं?" म्हणत ते माझ्याकडे आले, आणि बँकेला कळवितानाच आम्ही सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक लावला. पोलीस व बँका यांना जोडणाऱ्या या व्यवस्थेत पैसा ज्या खात्यात गेला तेथेच तो अडविता येतो, मात्र तो पुढच्या खात्यात सरकण्याआधी. म्हणून तेथे घटकेघटकेला मोल आहे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर असमाधानकारक आले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे एकात्मिक योजनेखाली विनामूल्य तक्रार करता येते.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच लोकांची. मुरुडात अशी पुष्कळ वृद्ध माणसे आहेत की ज्यांच्या खात्याला पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे. उचलीचा संदेश तिकडे जातो, मुलगा रात्रपाळीवर असतो, आणि वडिलांना पासबुक भरून घेतल्यावर तोट्याचा पत्ता लागतो. तोवर कळविण्याची मुदत कधीच संपलेली असते. निवृत्तिवेतनाच्या तारखेला शाखेतील रांगेत उभा असताना मी पुढच्या-मागच्या माणसाला विचारतो की खात्याला नंबर कुणाचा आहे, आणि तो मुलाचा निघाला तर बदलाचा अर्ज तिथेच त्यांच्याकडून लिहवून, नाहीतर त्यांच्या वतीने लिहून, सहीसाठी पुढे करतो.